पाणी ओसरल्यानंतरचे दिवस

आमच्या लालबागच्या गल्लीत पाणी भरतं तेव्हा सगळे जागरूक असतात. तळमजल्यावरची माणसं गाद्या माळ्यावर टाकतात, कोणीतरी मीटरचा मेन स्विच बंद करतं, दुकानदार फळ्या लावून वर चढून बसतो. पाणी उतरलं की मात्र सगळे सैल होतात. चिखल खरवडून काढायचा, फिनेल ओतायचं, ओले पुठ्ठे कोपऱ्यात रचायचे, की संपलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर गॅलऱ्यांच्या कठड्यांवर सगळ्या घरांच्या चटया एकदम वाळत पडतात आणि गल्लीला जत्रेची कळा येते.

माझं मन नेमकं तेव्हाच आवळायला लागतं. मला भरलेल्या पाण्याची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती नंतरच्या कोरड्या, उन्हाच्या, बऱ्यापैकी सुंदर दिवसांची. पाण्यात जे काही होतं ते त्या दिवसांत माणसाच्या अंगात काय करतंय, हे कोणाला दिसत नाही. श्रावण उतरणीला लागलेला असतो. दादरच्या बाजारात गौरी-गणपतीची पत्री यायची असते, मंडपांचे बांबू उभे राहिलेले असतात. परवा आरोग्यसेविका दारात आली आणि तिने सवयीने विचारलं, "पाण्यातून चाललेलं कोणी आहे का घरात?" तिच्या हातात कॅप्सुलांची पाकिटं होती. मी माझी मुलगी सई हिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. ती शाळेतून प्रसादच्या, म्हणजे तिच्या बाबाच्या, खांद्यावर बसून आली होती, तिच्या पायाला थेंब लागला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी पाहिलं.

सई पोटात होती त्या वर्षीचा श्रावण माझ्यातून गेलेला नाही.

तेव्हा मी परळच्या एका प्रयोगशाळेत काम करायचे. अजूनही तिथेच आहे. आमच्या कामाचा विषय लेप्टोस्पायरा. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात 'लेप्टो' म्हणून जे छापून येतं, ते ज्याच्यामुळे होतं तो हा जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्प्रिंगच्या बारीक तुकड्यासारखा दिसतो, टोकं वळलेली, आणि तो सतत अंगाला पीळ देत असतो. उंदराच्या मूत्रपिंडात तो सुखाने राहतो आणि उंदराला काही होत नाही. उंदीर खातो, पितो, पोरं जन्माला घालतो, आणि त्याच्या लघवीवाटे हा पाण्यात, मातीत उतरत राहतो. तिथून कुत्र्याच्या, गाईच्या, माणसाच्या अंगात शिरतो, एखाद्या भेगेतून, एखाद्या ओरखड्यातून.

आम्ही त्याचा जीनोम वाचायचो. त्याच्या वाढीची, जगण्याची सगळी लिपी अक्षराअक्षराने उलगडायची, आणि परळच्या उंदरातला, कुत्र्यातला आणि वॉर्डातल्या रुग्णातला एकमेकांचे किती जवळचे, हे ताडून पाहायचं. जिवाणूंची कुळं लावायची म्हणा ना. या कुळाचे पूर्वज मातीत आणि पाण्यात राहणारे, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले. त्यांचे काही भाऊबंद अजूनही तसेच राहतात. एका शाखेने मात्र कधीतरी प्राण्यांच्या शरीरात घर केलं. त्यासाठी नवी जनुकं मिळवली, पण पाण्यात जगायची जुनी विद्याही सोडली नाही. आणखी एका शाखेने ती विद्या टाकूनच दिली. ती आता पाण्यात फार टिकत नाही, गुरांकडून गुरांकडेच जाते. पडद्यावर अक्षरांच्या रांगांत जनुकांच्या त्या गाळलेल्या जागा पाहताना मला माझ्या सासरची माणसं आठवायची. आजेसासरे मालवणहून गिरणीत आले, सासऱ्यांनी साचा, म्हणजे माग, चालवला, प्रसादला यातलं काही येत नाही. तो अंधेरीला सॉफ्टवेअर कंपनीत जातो. भाताची लावणी कशी करायची हे घरात फक्त सासूबाईंना माहीत.

दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा आमच्या मॅडमनी मला जिवाणू वाढवायच्या खोलीतून ताबडतोब बाहेर काढलं. माझ्या नळ्या सुजाताने घेतल्या. सुजाता माझी तिथली मैत्रीण, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, हाताने इतकी स्थिर की तिच्या नळीतल्या द्रवाला सहसा लाटसुद्धा येत नाही. मला वरच्या मजल्यावर संगणकापुढे बसवण्यात आलं. "तू आता फक्त त्यांचं बारसं कर, सांभाळायचं मी बघते," असं ती म्हणाली. मला वाटलं, मी सुरक्षित झाले.

तो पाऊस दुपारी सुरू झाला आणि भरतीच्या वेळेला गाठून थांबेचना. मला पाचवा महिना होता. चारच्या सुमाराला खिडकीतून पाहिलं तर खालच्या रस्त्याचा दुभाजक दिसेनासा झाला होता. प्रसाद अंधेरीला अडकला होता. बस बंद होत्या, टॅक्सी मिळत नव्हती. सुजाता म्हणाली, इथेच बस, पाणी उतरेल तेव्हा जाऊ. मी बसले. आणि तासाभराने वॉचमनने वर येऊन सांगितलं, की तुमच्या घरचं कोणी आलंय.

जिन्याच्या तळाशी सासूबाई उभ्या होत्या. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पायात रबरी चपला, एका हातात मोडकी छत्री, दुसऱ्या हातात प्रसादचे गमबूट. लालबागहून परळपर्यंत त्या पाण्यातून चालत आल्या होत्या. मी रागावले. मी म्हणाले, आई, मी थांबणारच होते ना. त्यांनी ऐकून घेतलं आणि गमबूट माझ्यापुढे ठेवले.

"हे घाल. तुझ्या पायाक पाणी लागूक नको," त्या म्हणाल्या. "तूच सांगीत असतंस मा?"

खरं होतं. जेवताना, भाजी निवडताना मीच त्यांना सांगायचे, की पाण्यातून चालू नका, भेगांतून शिरतं. त्यांनी ते सगळं लक्षात ठेवलं होतं, माझ्यासाठी. स्वतःच्या टाचांच्या भेगा त्यांना आठवल्या नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा पाऊस थांबला होता. त्यांनी माझा हात धरला होता आणि पुढच्या पायाने जमीन चाचपत, मॅनहोल कुठे उघडं असेल त्याचा अंदाज घेत त्या मला ओढून नेत होत्या. पाणी काळं होतं, कोमट होतं. त्यावर थर्माकोलचे तुकडे, भाज्यांची देठं, कोणाची तरी एक नवी कोरी बादली. गमबुटांत पाणी शिरलंच. माझ्या पायाच्या बोटांमध्ये ते कोमट पाणी खेळत होतं आणि मी मनात जिवाणूंची कुळं मोजत होते. हा या गल्लीतला, तो त्या गल्लीतला. मला त्यांची नावं माहीत होती. शेजारून चालणाऱ्या बायका हसत होत्या, एकमेकींना सांभाळत होत्या. त्यांना नावं माहीत नव्हती. त्या वेळी मला त्यांचा हेवा वाटला.

पाणी उतरल्यावर आरोग्यसेविका आली. सगळ्यांना कॅप्सूल दिली. मला ती चालत नव्हती, गरोदर बाईला ती देत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी मला दुसरी गोळी दिली आणि म्हणाले, ही घ्या, काळजी करू नका. मी विचारलं, हिचा उपयोग तितकाच होतो का? ते म्हणाले, बहुतेक होतो. 'बहुतेक' हा आमच्या कामातला रोजचा शब्द. आम्ही प्रत्येक निष्कर्षाला तो चिकटवतो. दवाखान्यात तो शब्द किती अपुरा पडतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग सुरू झाले ते दिवस. जिवाणू अंगात गेला तरी लगेच काही होत नाही. आठवडा, कधी दोन. तोवर माणूस हिंडतो, फिरतो, जेवतो. मी दर सकाळी उठायच्या आधी पांघरुणातच पोटऱ्या दाबून पाहायचे, कारण दुखणं पहिल्यांदा तिथे येतं. आरशापुढे खालची पापणी ओढून डोळे बघायचे. थर्मामीटर उशीखाली असायचा. गरोदरपणात पाय तसेही दुखतात, अंग तसंही गरम वाटतं. प्रत्येक वेळी मी थर्मामीटर पुन्हा लावायचे. पोटातलं बाळ हलायला नुकती सुरुवात झाली होती, पाकोळी फडफडावी तसं. ते फडफडलं की मी जागच्या जागी थांबायचे, आणि नाही फडफडलं तरी थांबायचे.

याच दिवसांत मी वाचत बसायचे. वारेबद्दल वाचलं. बाळाला आईच्या रक्ताशी जोडणारी ही वार ज्या एका प्रथिनाच्या जोरावर नीट बांधली जाते, ते प्रथिन मुळात आपलं नाहीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक विषाणू आपल्या पूर्वजांच्या पेशीत शिरला आणि बाहेर पडलाच नाही. त्याचं एक जनुक आपल्या जीनोममध्ये मुरलं आणि आता त्याच्याशिवाय आईच्या पोटात मूल तगत नाही. आधी मी हे फक्त परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्या श्रावणात वाचलं तेव्हा पोटावर हात होता. वाटलं, आत आलेला प्रत्येक जण चोर नसतो. पण आत्ता आलाय तो कोण, हे कसं कळायचं? ज्या गोष्टीला लाखो वर्षांनी अर्थ येतो, ती घडत असते तेव्हा एखाद्या बाईला नुसता ताप असतो.

मी माझ्या अंगावर इतका पहारा ठेवला होता, की घरात दुसरं अंग आहे हे विसरले.

एका दुपारी सासूबाई ओट्याशी कांदा चिरत होत्या. डोळे लाल होते. मी म्हणाले, कांदा तिखट आहे वाटतं. त्या हो म्हणाल्या. संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या धरल्या, आपल्याच तंद्रीत, लहान मुलाला थोपटावं तशा. मी त्यांच्याजवळ गेले. डोळ्यांना पाणी नव्हतं, चिकटपणा नव्हता, नुसती पांढऱ्यावर पसरलेली लाली. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

कालपासून कसकस आहे, असं त्यांनी सांगितलं. सांगायचं काय त्यात, म्हणाल्या, घरात आधीच एक काळजीची बाई आहे.

प्रसाद नुकताच आला होता. तो म्हणाला, उद्या सकाळी डॉक्टरकडे नेतो. मी म्हणाले, बूट काढू नकोस. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने काढलेला बूट परत घातला.

परळच्या मोठ्या रुग्णालयात त्यांना दाखल केलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईने पोटऱ्या दाबून पाहिल्या, डोळे पाहिले आणि रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न बघता इंजेक्शन सुरू केलं. मला विचारलं, प्रतिबंधाची कॅप्सूल घेतली होती का? मी हो म्हणणार तेवढ्यात सासूबाईंनी मान हलवली. सोमवारचा उपास होता, रिकाम्या पोटी घेतली, ती उलटून पडली. दुसरी मागितली नाही. कोणाला सांगितलंही नाही.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांच्या पायांशी बसावंसंही वाटत होतं. यांतलं मी काहीच केलं नाही. प्रसादने मला घरी पाठवलं.

दोन दिवसांनी त्यांची लघवी थांबली. जिवाणूने मूत्रपिंडं गाठली होती. कातडी पिवळी पडली होती. डायलिसिस करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईने प्रसादला बाजूला घेऊन सांगितलं. पोटुशा बाईला वॉर्डात फार वेळ थांबू देत नव्हते, म्हणून मी घरात फोनच्या शेजारी बसून असायचे. त्या दिवसांत सुजाता कामावर जाण्याआधी रोज वॉर्डात जाऊन यायची आणि मला फोन करायची. नमस्कार वगैरे नसायचा. आज अमुक इतकी झाली, असं ती सांगायची, म्हणजे लघवी. थेंबा-थेंबाने मोजलेली. मी ते ऐकून गॅलरीत उभी राहायचे. खाली मुलं ढोल-ताशाचा सराव करत होती, लेझीम वाजत होतं. सगळ्या गल्लीला सणाची घाई लागलेली आणि आमच्या घरात एका म्हातारीच्या लघवीची वाट बघणं चाललेलं. मला हसूही यायचं आणि मग मी आत येऊन पुन्हा फोनशेजारी बसायचे.

एकदा मला पाच मिनिटं आत सोडलं. त्या खूप बारीक दिसत होत्या. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या त्या उंदरांतला ताच काय गो ह्या?"

मी हो म्हणाले.

"मगे उंदराक कसा काय होणा नाय?"

मी त्यांना सांगितलं, की उंदीर आणि तो जिवाणू फार जुने सोबती आहेत. इतकी वर्षं एकमेकांबरोबर राहून दोघांनी एकमेकांना सोसायचं कसं ते शिकून घेतलंय. माणूस त्याच्या ओळखीचा नाही. आपलं शरीर त्याला घाबरतं आणि तो आपल्या शरीरात नुसता धिंगाणा घालतो, त्याचाही त्यात काही फायदा नसतो. आपल्यातून तो पुढे फारसा कुठे जात नाही.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे आमी त्याचा बिऱ्हाड नाय," त्या म्हणाल्या. "वाट चुकून इलो."

मी बाहेर आले तेव्हा पोटातलं पाखरू जोरात फडफडलं.

मग एका सकाळी सुजाताचा फोन आला आणि तिचा आवाज निराळा होता. पिशवी भरली, असं ती म्हणाली. एवढंच. तिथून पुढे त्या सुधारत गेल्या, हळूहळू, कुरकुरत, रुग्णालयाच्या डाळीला नावं ठेवत. गणपतीच्या दोन-चार दिवस आधी घरी आल्या. त्या वर्षी कोणी गावी गेलं नाही.

प्रयोगशाळेत, डॉक्टरांच्या आणि सासूबाईंच्याही परवानगीने, त्यांच्या रक्तातून मिळालेल्या जिवाणूचा जीनोम आम्ही वाचला. तो आमच्याकडच्या एका उंदरातल्या जिवाणूचा अगदी जवळचा भाऊ निघाला. आम्ही पाण्यातून चाललो होतो, उंदीर त्याच रस्त्यावर पकडलेला होता. पडद्यावर त्या दोन रांगा एकाखाली एक लावल्या आणि फरकाच्या जागा शोधत राहिले. फारशा सापडल्या नाहीत. एरवी असा निष्कर्ष हाती लागला की आम्ही चहा मागवतो. सुजाताने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढेही सासूबाई बऱ्या झाल्यावर तिने त्यांची लघवी पुन्हा-पुन्हा तपासली. काही नव्हतं.

सई मार्गशीर्षात झाली, माझ्या माहेरी, ठाकूरद्वारला. सासूबाई बघायला आल्या. नाचणीचं सत्त्व, डिंकाचे लाडू, बाळाला चांदीचे वाळे, सगळं घेऊन आल्या. आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. माझ्या आईने बाळ त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी पदर सावरला, पाणी मागितलं, बाळाकडे लांबून बघत राहिल्या. घेतलं नाही. पुन्हा आल्या तेव्हाही तसंच. आईला ते लागलं. मुलगी झाली म्हणून असेल, असं ती मला हळूच म्हणाली. मी तसं नाही म्हणाले, पण माझ्याही मनात ते कुसळ रुतलं. या बाईने माझ्यासाठी जीव पणाला लावला होता. मला नाही, तर माझ्या पोटातल्या नातवाला ती आणायला आली होती का? असले विचार बाळंतिणीच्या डोक्यात रिकाम्या दुपारी येतात आणि जात नाहीत.

मी लालबागला परत आले. बाळाला न्हाऊ घालायला त्यांनी बाई लावून ठेवली होती. चाळीतल्या बायका कुजबुजल्या, स्वतः न्हाऊ घालायच्या ना, कितीतरी पोरं न्हाऊ घातलीत यांनी. त्या गरम पाणी काढून द्यायच्या, टॉवेल द्यायच्या, धूप करायच्या आणि दोन हात लांब उभ्या राहायच्या. प्रसाद म्हणाला, आजारपणाने हातात ताकद नाही तिच्या. पण पाण्याचं पातेलं त्या एकट्या उचलत होत्या.

शेवटी एका सकाळी न्हाऊ घालणारी बाई आली नाही. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सरळ विचारलं, की आई, तुम्ही हिला का घेत नाही?

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. हात पदराला पुसले, कोरडेच होते, तरी पुसले.

"तूच सांगितलंस मा," त्या म्हणाल्या. "उंदराच्या आंगात ता जन्मभर ऱ्हवता. त्येका कळाणा नाय, आणि दुसऱ्याक बाधता. ता माझ्या आंगात अजून आसला तर?"

इतके महिने या बाईने स्वतःला उंदीर समजून वेगळं ठेवलं होतं. आमचं सगळं ज्ञान मी भाजी निवडता-निवडता त्यांच्या ओंजळीत टाकलं होतं आणि त्या ते घेऊन एकट्या बसल्या होत्या.

मी सांगायला लागले. माणसाच्या शरीरात तो असा घर करून राहत नाही, तुम्हाला औषधं पूर्ण दिली आहेत, सुजाताने तपासलंय, डॉक्टरांनी लिहून दिलंय. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर, पोटात जिवाणूंची काहीच वस्ती नसते, चांगल्या जिवाणूंचीही नाही. आईकडून, त्याला उचलून घेणाऱ्या हातांकडून ती वस्ती येते आणि बाळाला ती लागते. ती मिळाली नाही तर पोर धड वाढत नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर सांगतत ता ऐकलंय. तू सांग. ता आसा काय नाय?"

माझ्या जिभेवर 'बहुतेक' आला. आमच्या धंद्यात शून्य कोणी म्हणत नाही. सापडलं नाही म्हणतात. नाही म्हणत नाहीत. मला हे वर्षानुवर्षं शिकवलेलं, आणि मी दुसऱ्यांना शिकवलेलं. समोर त्या उभ्या होत्या, हात अर्धवट पुढे आलेले आणि तिथेच थांबलेले.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्यात ते नाही."

आणि बाळ पुढे केलं. त्यांनी मानेखाली हात घातला, दुसरा कमरेखाली, इतक्या सराईतपणे, की बाळाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. त्यांनी गाल तिच्या टाळूला टेकवला आणि तसाच ठेवला. मी मात्र दुपट्याखालचे माझे हात काढून घेतले नव्हते. माझं ज्ञान, माझे रिपोर्ट, माझा शब्द, सगळं त्यांना देऊन झालं होतं, तरी बोटं तिथेच होती. त्यांनी मान वर केली नाही, नुसत्या थांबल्या. मग मी एकेक हात सोडवून घेतला.